सरळ बिटचा टवका उडाला: बदली नेमकी कशाची करायची?

ताई: मामा, कपाटाच्या उभ्या प्लायमध्ये फळ्यांसाठी खाचा पाडत असताना राउटरचा, म्हणजे लाकूड कोरणाऱ्या विजेच्या यंत्राचा, १२ मिलीमीटरचा सरळ बिट (यंत्रात बसणारे फिरते पाते) दुखावला आहे. त्याच्या दोन धारांपैकी एकीचा टोकाजवळ सुमारे मिलीमीटरभर टवका उडाला असून, तेव्हापासून यंत्र थरथरते आणि खाचेचा तळ खडबडीत येतो. दोन्ही बाजूंची छायाचित्रे जोडली आहेत. त्याच्या जागी कोणता बिट घ्यावा, हे कृपया सांगावे.

दादा: अगदी तसाच दुसरा मागवला की काम पुढे चालू होईल. यात विचार करण्यासारखे फारसे काही दिसत नाही.

मामा: दादा, थोडा धीर धर. या बिटच्या धारा टंगस्टन कार्बाइडच्या आहेत. कार्बाइड अतिशय कठीण असल्यामुळे प्लायमधल्या डिंकापुढे ते पोलादापेक्षा फार जास्त काळ टिकते. मात्र तितकेच ते ठिसूळही असते, म्हणून धातूला, फरशीला किंवा शेजारच्या दुसऱ्या बिटला धार आपटली की तिचा टवका उडतो. नुसत्या लाकडाने धार बोथट होते, अशी तुटत नाही. ताई, धार कशाला लागली?

ताई: पाठीमागून बसवलेल्या पट्टीच्या स्क्रूचे टोक आत होते, त्याला लागली. परंतु कोडे असे आहे की ते टोक पृष्ठभागापासून ८ मिलीमीटर खाली होते आणि मी खोली फक्त ६ मिलीमीटरची लावली होती. आता मोजल्यावर खाच सुरुवातीला ६ मिलीमीटर आणि शेवटाकडे जवळजवळ ९ मिलीमीटर खोल भरते.

मामा: मग स्क्रू हे निमित्त झाले. खाच पुढे पुढे खोल होत गेली, याचा अर्थ बिट कॉलेटमधून, म्हणजे नट आवळल्यावर बिटचा दांडा पकडणाऱ्या फटींच्या नळीतून, हळूहळू बाहेर सरकत होता. खोली बसवणारा खटका सैल नव्हता एवढे एकदा पाहून घे, आणि बिटच्या दांड्यावर चकचकीत वलये किंवा करपल्यासारखे डाग आहेत का तेही कळव.

ताई: खटका घट्ट आहे. दांड्यावर मात्र तीन-चार गोल ओरखडे असून मध्ये तपकिरी डागही आहे.

दादा: मी आताच व्हर्नियरने मोजले. दांडा बरोबर ६ मिलीमीटरचा आहे आणि कॉलेटवर पाव इंच असे कोरलेले आहे.

मामा: हेच मूळ कारण. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलीमीटर; फरक नखाएवढाही नाही, म्हणून डोळ्यांना तो दिसत नाही आणि नट आवळल्यावर बिट हाताला घट्टही लागतो. पण कॉलेट आपल्या नेमक्या मापाच्या दांड्यालाच सगळीकडून सारखे धरते. दांडा बारीक असेल तर त्याची पकड थोड्याशा जागेवरच राहते, आणि कापताना जोर पडला, कंप सुरू झाला की दांडा आत फिरतो आणि खाली उतरतो. दादा म्हणतो तसा हुबेहूब बिट मागवला असता, तर नवी धारही याच वाटेने गेली असती.

काका: नट आणखी जोराने आवळला तर भागणार नाही का?

मामा: नाही, काका. त्याने पकड सुधारणार नाही, उलट कॉलेटच्या फटी वाकड्या होऊन ते पाव इंचाच्या बिटलाही नीट धरेनासे होईल. आता त्या कॉलेटची आतली बाजू पुसून निरखून पाहावी लागेल. तोंडाशी ते पसरट झाले असेल किंवा आत चरे पडले असतील, तर बिटच्या आधी कॉलेट बदलावे.

काकू: टवका उडालेल्या धारेला पुन्हा धार लावून घेता येणार नाही का? एवढ्यासाठी अख्खा बिट टाकून देणे मनाला पटत नाही.

मामा: काकू, धार नुसती बोथट झाली असती तर तुमचे म्हणणे अगदी रास्त होते. हिऱ्याच्या बारीक पट्टीवर धारेची सपाट बाजू, दोन्ही धारांना सारखेच हात देऊन घासली की बिट पुष्कळसा पूर्ववत होतो. परंतु मिलीमीटरभर टवका काढायचा तर दोन्ही धारा तेवढ्या झिजवाव्या लागतील, व्यास घटेल आणि डाख देऊन जोडलेल्या पातळ कार्बाइडमध्ये फारसे काही उरणार नाही. शिवाय ओरखडलेला दांडा पुन्हा कोणत्याच कॉलेटमध्ये घालू नये, असे माझे मत आहे.

ताई: मग नवा घेताना काय पाहू? प्लायच्या वरच्या पापुद्र्याचे तंतू खाचेच्या काठाशी उपटले जातात, हीसुद्धा तक्रार आहेच. पीळदार, म्हणजे धारा पिळासारख्या वळवलेला, बिट घेतला तर ते थांबेल का?

मामा: थांबेल, पण पिळाची दिशा पाहून घे. भुसा वर फेकणारा पीळ खाच मोकळी ठेवतो, मात्र वरचा पापुद्रा उचकटतो आणि हातातल्या राउटरमध्ये बिटला कॉलेटमधून बाहेर ओढू पाहतो, म्हणजे आपल्याला जे दुखणे आहे तेच वाढवतो. खाली ढकलणारा पीळ काठ स्वच्छ ठेवतो. त्याचा दोष असा की भुसा खाचेत दाटतो आणि धार तापते, त्यामुळे एका फेरीत तीन मिलीमीटरपेक्षा जास्त खोल जाऊ नये. तुझ्या उथळ खाचांना हाच योग्य. दोन्ही दिशांचा मिश्र पीळ आरपार कापण्यासाठी असतो. उथळ खाचेत त्याचा टोकाकडचा, वर फेकणारा भागच काम करतो, म्हणून तो इथे नको.

दादा: फळी १८ मिलीमीटरची आहे, तर सरळ १८ मिलीमीटरचाच बिट का घेऊ नये? एका फेरीत खाच तयार होईल.

मामा: कारण १८ मिलीमीटर म्हणून मिळणारा प्लाय अनेकदा त्याहून किंचित पातळ भरतो आणि फळी खाचेत खुळखुळते. १२ मिलीमीटरच्या बिटने दोन फेऱ्यांत हवी तेवढी रुंदी साधता येते.

काका: बरे, दांड्याचे काय ठरले? आपल्या यंत्रासोबत अर्ध्या इंचाचे कॉलेटही आलेले आहे.

मामा: मग प्रश्नच मिटला. दांड्याची जाडी दुप्पट झाली की वाकण्याला होणारा त्याचा विरोध सोळा पट होतो. थरथर त्यानेच निम्म्याहून कमी होईल असा माझा अंदाज आहे. फक्त मागवताना १२ मिलीमीटर दांडा आणि अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलीमीटर, यांची गल्लत होऊ देऊ नका. ही जोडीसुद्धा तशीच फसवी आहे.

काका: मी म्हणेन, एकदाच मोठा संच घेऊन टाकावा. उद्या गोल कडा हवी असेल, परवा तिरपी.

मामा: काका, इथे मी आपल्याशी सहमत नाही. संचातले तीन-चार बिट झिजेपर्यंत वापरले जातात आणि उरलेले खणात एकमेकांवर आपटून टवके उडवून घेतात. त्यापेक्षा लागेल तो एकेक चांगला घ्यावा आणि लाकडाच्या ठोकळ्याला भोके पाडून प्रत्येकाला वेगळे उभे करावे.

काका: संचाबद्दलचे माझे मत कायम आहे, पण या खेपेला तुमचे ऐकतो.

ताई: तर मग अर्धा इंच दांडा, १२ मिलीमीटर व्यास, खाली ढकलणारा पीळ, घन (म्हणजे संपूर्ण) कार्बाइड, असा एक बिट मागवते. बसवताना आणखी काही काळजी घ्यायची का?

मामा: दांडा कॉलेटमध्ये तळाला टेकेपर्यंत घालून दोन-तीन मिलीमीटर बाहेर ओढ आणि मग आवळ, तळाला टेकलेला दांडा कॉलेटला नीट बसू देत नाही. त्याच वेळी किमान २० मिलीमीटर दांडा पकडीत राहील, हेही पाहा. पहिल्या खाचेनंतर दोन्ही टोकांना खोली मोजावी. आणि उरलेल्या प्लायमधल्या मागच्या पट्ट्यांचे लांब स्क्रू आधी काढून आखूड बसव, तोवर यंत्र चालू करू नकोस.

दादा: स्क्रू मी आज संध्याकाळी बदलतो. ६ मिलीमीटर दांड्याचे आणखी दोन बिट खणात निघाले आहेत. त्यांवर माप लिहून ते वेगळे ठेवले आहेत.