अपग्रेडनंतर डेस्कटॉप रिकामा, स्कॅनर मुका. परत मागे जाऊ का?

पानजुळणी

मंडळी नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण वाचा, खरंच अडकलेय. मी जुनी पत्रं आणि हस्तलिखितं स्कॅन करून टाइप करून द्यायचं काम करते, सगळं एकाच लॅपटॉपवर. गेले कित्येक महिने "विंडोज ११ चं अपग्रेड तयार आहे" असं येत होतं आणि मी दर वेळी नंतर बघू म्हणत होते, चालतंय त्याला हात कशाला लावायचा. मग विंडोज दहाचा सपोर्ट संपला, आता सुरक्षा अपडेट येणार नाहीत असं सगळीकडे वाचलं, घाबरले, आणि सहा दिवसांपूर्वी रात्री बटण दाबून झोपले.

सकाळी उघडलं तर डेस्कटॉपवर रिसायकल बिन आणि ब्राउझर, बाकी नुसतं चित्र. माझा डेस्कटॉप म्हणजे माझं टेबल आहे हो. डावीकडच्या रांगेत टाइप करायची पानं, उजवीकडच्या रांगेत झालेली, आणि खाली कोपऱ्यात "तपासायचं" नावाचं फोल्डर, ते इतकी वर्षं त्याच जागी आहे की माउस न बघता तिथे जातो. ते सगळं गायब. पोटात गोळाच आला.

स्कॅनर लावला तर वायर जोडल्याचा टिंग आवाज येतो पण स्कॅनचा प्रोग्राम म्हणतो उपकरण सापडलं नाही. कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलचा ड्रायव्हर (लॅपटॉपला स्कॅनर ओळखता यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) दहापर्यंतच आहे, त्यापुढे काही नाही, विचारलं तर नवीन मॉडेल घ्या असं उत्तर आलं. स्कॅनर ठणठणीत आहे, काचेवर एक ओरखडा नाही, का म्हणून टाकून देऊ? फाइलवर राइट क्लिक केलं तर तिथे पण निम्म्या गोष्टी दिसत नाहीत, "आणखी पर्याय" दाबा मग मिळतात, दिवसातून शंभरदा करायची गोष्ट आहे ही, प्रत्येक वेळी एक क्लिक जास्त.

मला फक्त सांगा की माझ्या फाइल गेल्या का, आणि परत दहावर जाता येतं का.

शाईदौत

ताई, आधी शांत व्हा आणि काहीही डिलीट करू नका. "जागा मोकळी करा" वगैरे काही आलं तर त्याला तर अजिबात होय म्हणू नका, कारण अपग्रेड केलं की जुनी सिस्टीम सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड नावाच्या फोल्डरमध्ये बाजूला ठेवलेली असते आणि मागे जायचा रस्ता तिथूनच आहे, सफाईत ते फोल्डर उडालं की रस्ता बंद. मुदत १० दिवसांची असते, तुमचे सहा गेलेत. सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग रिकव्हरी, तिथे "गो बॅक" दिसतंय का ते आत्ता बघून ठेवा, दाबू नका.

आता फाइलचं. माझा अंदाज आहे की त्या कुठेही गेलेल्या नाहीत. अपग्रेड झाल्यावर पहिल्यांदा आत शिरताना दोन-चार पडदे येतात, त्यात एक असतो की तुमचे फोल्डर क्लाऊडवर, म्हणजे वनड्राइव्ह या इंटरनेटवरच्या जागेत, बॅकअप करू का, आपण घाईत पुढे-पुढे करतो. ते एकदा झालं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स या फोल्डरांचा पत्ताच बदलतो. फाइल एक्स्प्लोरर उघडा, सी ड्राइव्ह, युजर्स, तुमच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात डेस्कटॉप नावाचं फोल्डर दोन ठिकाणी आहे का बघा, एक थेट तिथेच आणि एक क्लाऊडच्या फोल्डरच्या आत. दोन्ही उघडून बघा आणि इथे सांगा.

आणि हो, युजर्समध्ये टेम्प नावाचं फोल्डर दिसलं आणि तुम्ही त्यातच शिरलेल्या असाल तर तो वेगळा प्रकार आहे, तात्पुरत्या प्रोफाइलचा. तसं असेल तर त्यात काहीही सेव्ह करू नका, बाहेर पडलात की जातं.

पानजुळणी

सापडलं!! दोन डेस्कटॉप आहेत. थेटवाल्यात माझं सगळं आहे, "तपासायचं" पण आहे, मी आत जाऊन पानं उघडून बघितली, शेवटची ओळ जिथे सोडली होती तिथेच आहे. रडूच आलं. क्लाऊडवाला डेस्कटॉप जवळजवळ रिकामा, सध्या तोच समोर दिसतोय. आता सगळं उचलून तिकडे टाकू का?

शाईदौत

नको, उलटं करा. आधी सगळ्याची एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या, बाकीचं नंतर. मग खाली घड्याळाजवळ ढगाचं चिन्ह आहे ते उघडून सेटिंग्जमध्ये बॅकअपचा भाग शोधा आणि डेस्कटॉपसमोरचं बटण बंद करा, म्हणजे पत्ता जुन्या जागेवर येतो. क्लाऊडच्या फोल्डरमध्ये ज्या एक-दोन फाइल राहतील त्या हाताने परत आणा.

तिकडे टाकू नका म्हणायचं कारण असं, की फुकटची जागा ५ जीबीच असते आणि तुमची स्कॅन केलेली पानं त्यात कुठली मावायला. अर्धी वर गेली, अर्धी अडकली की कुठली प्रत खरी हेच कळत नाही. शिवाय लोक इथेच फसतात की वेबवर जाऊन बघतात, अरे हे तर डबल आहे म्हणून पुसतात आणि इकडे लॅपटॉपवरूनही जातं, कारण ती दुसरी प्रत नसतेच, एकच फाइल दोन्हीकडे दिसत असते. तसं कुणाचं झालं असेल तर वेबवरच्या रिसायकल बिनमध्ये ३० दिवस असतं, लगेच बघा. हिरवी बरोबरची खूण म्हणजे फाइल लॅपटॉपवर आहे, नुसता ढग म्हणजे फक्त वर आहे आणि नेट नसेल तर उघडणार नाही.

क्लाऊड वाईट असं मी म्हणत नाही, पण माणसाच्या टेबलावरच्या वस्तू दुसऱ्या खोलीत न्यायच्या तर त्याला नीट, त्याला समजेल अशा शब्दांत विचारून न्याव्यात, याबाबतीत तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे.

तारजोड

स्कॅनरचं मी सांगतो, यात मी बराच मार खाल्लाय. साइटवर दहापर्यंतच लिहिलंय म्हणून घाबरू नका. विंडोज ११ चा आतला आवृत्ती क्रमांक १०.० नेच सुरू होतो, पहिली आवृत्ती १०.०.२२००० होती, म्हणजे ड्रायव्हरच्या बाबतीत पाया तोच आहे, आणि १० चा ६४ बिटचा (विंडोज ३२ आणि ६४ बिट अशा दोन प्रकारांत यायची, त्यातल्या नव्या प्रकारचा) ड्रायव्हर बहुतेक वेळा ११ वर चालतो. अडतं ते इन्स्टॉलरपाशी.

असं करा. स्कॅनरची यूएसबी वायर काढा. जुना स्कॅनचा प्रोग्राम आणि ड्रायव्हर पूर्ण अनइन्स्टॉल करा, लॅपटॉप रिस्टार्ट करा. साइटवरून दहाचा ड्रायव्हर उतरवा, त्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, तिथे जुनी आवृत्ती निवडा, मग ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. तो सांगेल तेव्हाच वायर जोडायची, आधी नाही, याने फार फरक पडतो कारण वायर आधी लावली तर सिस्टीम स्वतःच काहीतरी भलताच ड्रायव्हर चिकटवून मोकळी होते. थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, हब मध्ये नको.

इन्स्टॉलर अडूनच बसला तर तो झिप सारखा उलगडता येतो का बघा, आत आयएनएफ प्रकारची फाइल असते, डिव्हाइस मॅनेजरमध्ये स्कॅनरवर राइट क्लिक करून अपडेट ड्रायव्हर, माझ्या कॉम्प्युटरवर शोधा, आणि ते फोल्डर दाखवा. आणि सर्व्हिसेसच्या यादीत विंडोज इमेज ॲक्विझिशन नावाची सर्व्हिस चालू आहे ना ते बघा, ती बंद असेल तर ड्रायव्हर कितीही चांगला असो, स्कॅनर सापडत नाही.

राइट क्लिकचं सोपं आहे, शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, पूर्ण जुना मेनू थेट येतो.

वळणदार

मी मध्येच घुसतो, माफ करा, पण माझंही याच कारणाने डोकं उठलंय. माझ्याकडे आधी ३२ बिटची १० होती, त्यामुळे थेट अपग्रेड होत नाही म्हणाले आणि फॉरमॅट करून ११ टाकून घेतली. आता जुन्या मराठी फाइल उघडल्या की अक्षरं दिसतात, पण एका पानावर बसवलेला अर्ज दोन पानांवर जातो, सहीची ओळ एकटीच दुसऱ्या पानावर लटकते. शेकड्याने अर्ज आहेत असे, एकेक बसवत बसू का? आणि माझा स्कॅनर वर सांगितलं ते सगळं करून पण चालत नाही.

तारजोड

अर्जाचं कारण फॉन्ट आहे. फाइल मंगलमध्ये केलेली असणार. १० पासूनच मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट मूळ सिस्टीममधून काढून वेगळ्या ऐच्छिक गठ्ठ्यात ठेवलेत, मराठी किंवा हिंदी भाषा जोडली असेल तरच ते आपोआप येतात. फॉरमॅट मारल्यावर तुम्ही भाषा जोडली नसणार, मग वर्ड मंगलच्या जागी निर्मला हा दुसरा फॉन्ट वापरतो, अक्षरं वाचता येतात पण ओळीची उंची आणि रुंदी वेगळी, म्हणून सही खाली घसरते. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा, त्यात देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स आहे, ते टाका आणि वर्ड बंद करून परत उघडा. एकही अर्ज हाताने बसवायला लागू नये. टायपिंगसाठी पण तिथेच भाषेत मराठी जोडा, इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही कीबोर्ड सिस्टीममध्येच मिळतात, विंडोज की आणि स्पेस दाबून बदलायचे.

युनिकोडच्या (हल्लीच्या, सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या फाइल असतील, म्हणजे फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसतो त्या, तर त्यांना हा उपाय नाही. तो जुना फॉन्टच परत टाकायचा, आणि सवडीने कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्यायचं. जोडाक्षरं आणि रफार तपासल्याशिवाय मूळ फाइल पुसायची नाही.

तुमच्या स्कॅनरची गोष्ट वेगळी आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ३२ बिटचे प्रोग्राम त्यावर चालतात, पण ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही, कुठल्याच युक्तीने नाही. कंपनीने ६४ बिटचा काढलाच नसेल तर व्ह्यूस्कॅन नावाचा प्रोग्राम बघा, त्यात बऱ्याच जुन्या स्कॅनरांचे स्वतःचे ड्रायव्हर आहेत, पूर्ण वापरायला विकत घ्यावा लागतो पण आधी चाचणी घेता येते. किंवा एखादा जुना कॉम्प्युटर पडून असेल तर त्यावर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टीम) टाकून फक्त स्कॅनिंगला ठेवा, लिनक्समध्ये सेन नावाची जी व्यवस्था आहे ती खूप जुने स्कॅनर अजून ओळखते. कॉम्प्युटरवर न टाकता पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, आधी तसं बघा.

सावकाश

माझं मत जरा वेगळं आहे. पानजुळणी ताईंचं काम जर अंगावर असेल तर त्यांनी सरळ मागे जावं. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची योजना आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, १० ची शेवटची, २२एच२ आवृत्ती असेल तर विंडोज अपडेटच्या पानावरूनच नाव नोंदवता येतं. तेवढ्या वेळात हातातलं काम संपवा आणि मग सवडीने जा. लोकांना एकच तारीख दाखवून घाबरवलं जातं आणि माणूस भलत्या वेळी, काम अर्धवट असताना बटण दाबतो, मला याचाच त्रास होतो. आणि ज्यांची मशीन ११ ला नापास म्हणते त्यांनी लगेच नवीन घ्यायला धावू नका, टीपीएम २.० (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) पुष्कळदा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं. प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर मात्र अधिकृत यादीत बहुतेक बसत नाही. बायोसला हात लावायच्या आधी डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) आहे का बघा, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून भागवू नका.

शाईदौत

सावकाश यांचं पटतं, पण मागे गेल्यावर अपग्रेडनंतर टाकलेले प्रोग्राम आणि बदललेली सेटिंग जातात, हे माहीत असू दे. फाइल राहतात असं म्हणतात आणि बहुधा राहतातच, तरी बाहेर कॉपी असल्याशिवाय ते बटण दाबू नका.

पानजुळणी

कळवायला उशीर झाला, दोन दिवस यातच गेले. बाहेरच्या डिस्कवर कॉपी घेतली, ढगाचं बटण बंद केलं, डेस्कटॉप परत आला. आयकॉनांची जागा मात्र सगळी विस्कटली, सगळे एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभे, ते मी काल रात्री बसून एकेक ओढत परत माझ्या दोन रांगांत लावले.

स्कॅनर पहिल्या पद्धतीने नाही झाला. इन्स्टॉलर "ही आवृत्ती चालत नाही" म्हणून बंदच व्हायचा. मग तारजोड यांनी सांगितलं तसं उलगडून, डिव्हाइस मॅनेजरमधून फोल्डर दाखवलं, आणि स्कॅनरचा दिवा नारंगीचा हिरवा झाला. आतला दांडा सरकतानाचा तो घर्र आवाज ऐकून किती बरं वाटलं सांगू. ते फोल्डर मी दोन ठिकाणी जपून ठेवलंय, कारण साइटवरून ते उद्या काढून टाकतील.

मागे जात नाहीये, स्कॅनर चालला म्हणून. पण सावकाश, तुम्ही म्हणता ते अगदी खरं, मला आधी कुणी सांगितलं असतं की वर्षभर थांबता येतं तर मी हे काम संपवूनच बटण दाबलं असतं. शिफ्ट दाबून राइट क्लिकची सवय होतेय. "तपासायचं" खाली कोपऱ्यात परत जागेवर आहे, त्यात अजून एकेचाळीस पानं आहेत, आता तिकडे वळते. सगळ्यांचे मनापासून आभार.

वळणदार

मंगल टाकला, अर्ज पुन्हा एका पानावर आले, सही जागेवर. स्कॅनरसाठी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स पेन ड्राइव्हवरून लावून बघतोय, झालं की वेगळा धागा काढतो, कुठला मॉडेल ओळखला ते लिहीन.