कोंकच्या चर्चमधल्या काचा बदलताना गावाला विचारायला नको होतं का?

पायवाट:
फ्रान्सच्या दक्षिणेला आव्हेरों भागात कोंक म्हणून एक चिमुकलं गाव आहे. डोंगरउतारावर, पातळ दगडी फरश्यांनी शाकारलेली घरं आणि मधोमध अकराव्या-बाराव्या शतकातलं सांत फ्वा या संत स्त्रीचं चर्च. स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं हे ठिकाण; त्या वाटेसोबतच १९९८ साली चर्चही युनेस्कोच्या यादीत आलं. मेमध्ये मी तिथे दोन रात्री राहिले.

चर्चमध्ये पूर्वी संतांच्या चित्रांच्या रंगीत काचा होत्या. त्या काढून १९९४ साली पिएर सूलाज या चित्रकाराच्या काचा बसवल्या, लहानमोठ्या मिळून १०४ खिडक्यांना. चित्र नाही, रंग नाही. दुधाळ काच आणि तिच्यावरून वळत गेलेल्या शिशाच्या काळ्या रेघा. काम सरकारने दिलं होतं आणि गावात पुष्कळांना ते अजिबात रुचलं नव्हतं.

माझ्या मते तरीही झालं ते योग्यच झालं. सकाळी आत गेले तेव्हा खिडक्या निळसर, थंड वाटत होत्या. संध्याकाळी पुन्हा गेले तर पश्चिमेच्या त्याच काचा केशरी झालेल्या आणि उत्तरेच्या अजून निळ्याच. काचेत रंगाचा थेंब नाही, सगळा खेळ बाहेरच्या उजेडाचा. भिंतीतला पिवळा चुनखडक, तांबूस वालुकाश्म आणि करडा दगड वेगवेगळा ओळखू येतो. लालनिळ्या काचांखाली तो कसा दिसणार? बांधणाऱ्यांनी एवढ्या खिडक्या ठेवल्या त्या उजेडासाठीच ना!

ओसरी:
लिहिलंय सुंदर, पण साफ असहमत. जुन्या काचा विसाव्या शतकाच्या मध्यातल्या, म्हणजे 'फार जुन्या नव्हेत', हे कारण नेहमी दिलं जातं. पण त्या काचांखाली ज्यांची लग्नं झाली, ज्यांनी आईबापांना शेवटचा निरोप दिला, त्यांच्यासाठी चर्च म्हणजे तेच.

आणि हे गाव कोणतं, ते विसरू नका. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चर्चमधलं सोनंचांदी जप्त होऊन वितळवलं जात होतं. तेव्हा कोंकच्या लोकांनी चर्चमधल्या मौल्यवान वस्तू आपापल्या घरांत लपवल्या. म्हणून सांत फ्वाची ती रत्नजडित सोन्याची मूर्ती आज तुम्हाला बघायला मिळाली. ज्यांच्या पूर्वजांनी जीव धोक्यात घालून ठेवा राखला, त्यांचं मत खिडक्यांच्या वेळी मोजायचं नाही? हा अन्याय आहे.

आडवाट:
ओसरी, लपवण्याचा मुद्दा जबरदस्त आहे. पण 'गावाचा ठेवा' म्हणताना थोडं मागे जाऊ. सांत फ्वा मुळात आजां या दुसऱ्या शहरातली. परंपरा सांगते की कोंकच्या एका भिक्षूने तिथे विश्वास संपादन करत वर्षानुवर्षं काढली आणि ८६६च्या सुमारास तिच्या अस्थी उचलून इकडे आणल्या. चोरीच ती.

तुम्ही म्हणता ती मूर्ती तरी सगळ्यांना कुठे आवडली होती? अकराव्या शतकात आंजेचा बर्नार नावाचा विद्वान इथे आला. मूर्ती पाहून त्याने हेटाळणी केली, ज्युपिटर-मार्स या रोमन देवांच्या मूर्तींशी तुलना केली. पुढे स्वतःच पस्तावला आणि तिच्या चमत्कारांचं पुस्तक लिहायला घेतलं. काचांना पन्नासेक वर्षं तरी द्या.

सांजवात:
पायवाट +१. सूलाज कुणी उपरा नव्हता. जन्म रोदेझचा, कोंकपासून चाळीसेक किलोमीटरवर. पोरवयात हे चर्च पाहूनच चित्रकार व्हायचं ठरवलं, असं तो स्वतः सांगायचा. १९८६मध्ये काम मिळालं आणि मनाजोगती काच बाजारात मिळेना, म्हणून शेकडो चाचण्या करून ती नव्याने बनवली. तुलूझचे काच-कारागीर फ्लरी सोबतीला होते. आठ वर्षं! उरकून टाकलेलं काम नव्हे हे.

ओसरी:
सांजवात, कारागिरीला मी नावं ठेवलेलीच नाहीत. विचारलं का, एवढंच म्हणतोय. रोदेझचा असला तरी निर्णय गावाबाहेर झाला.

पुढचंही बघा. कोंकची वस्ती तीनशेच्याही आत आली आणि २०१६ला आजूबाजूच्या तीन गावांसह त्याचं एकच कम्यून (आपल्या ग्रामपंचायतीसारखं) केलं, कोंक-आं-रुएर्ग. मुख्य कचेरी खाली सँ-सिप्रियांला. चर्च बघायला जग येतं आणि गावचा कारभार मात्र डोंगराखाली गेला. काचांवरचा राग मला त्यातलाच वाटतो.

आडवाट:
विलीनीकरण वीस वर्षांनंतरचं, काचांच्या माथी ते मारू नका. आणि इतक्या कमी वस्तीला चार गावांनी मिळून कारभार करणं परवडतं, हेही खरं.

पायवाट:
ओसरी, विचारायला हवं होतं, हे मान्य. सरळ मान्य.

पण विचारलं असतं तर गाव नाहीच म्हणालं असतं. मग ती संध्याकाळ मला दिसली नसती. दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, गावातलेच असावेत. हातात पुस्तक नाही, जपमाळ नाही. उजेड खांबावरून सरकत खाली येईपर्यंत ते तसेच बसून होते. त्यांना जुन्या काचा आठवत असतील का, विचारावंसं वाटलं. माझं फ्रेंच तेवढं नाही.