कामगार दगावल्यावरचा चौकशी अहवाल: फाइलीत की फाटकावर?

वेर्णे_सेफ्टी
गोव्यात कारखान्यात माणूस मेला की पुढचा क्रम सगळ्यांना पाठ आहे. पोलीस, पंचनामा, शव गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), आणि पणजीच्या आल्तिनोवरून कारखाना निरीक्षक येऊन त्या यंत्राला किंवा टाकीला मनाई आदेश लावतो. नोव्हेंबर 2025 पर्यंत चाललेल्या 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 88 सांगायचं की मृत्यूची नोटीस मिळाल्यापासून महिन्याच्या आत चौकशी झालीच पाहिजे. पण त्या चौकशीचा अहवाल शेजारच्या कारखान्याला दाखवा असं त्यात कुठेच नव्हतं. प्रसिद्धीची तरतूद होती ती कलम 90 खाली सरकारने खास नेमलेल्या चौकशीला, आणि तीही ‘सरकारला योग्य वाटल्यास’.

माझं म्हणणं: मृत्यूनंतर 45 दिवसांत दोन पानांचा कारण-अहवाल राज्यातल्या प्रत्येक औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर लागलाच पाहिजे. मराठी, कोंकणी, हिंदी, कन्नड. नावं नकोत.

पेपरात येतं, ‘सांडपाण्याची टाकी साफ करताना गुदमरून मृत्यू’. यातून कुंकळ्ळी किंवा कुंडई वसाहतीतला सुपरवायझर काय शिकणार? त्याला कळायला हवं ते वेगळंच. टाकीतला गाळ निवांत असताना गॅस मोजायचा मीटर खाली सोडला तर हायड्रोजन सल्फाइड शून्य दाखवतो. माणूस उतरतो, फावड्याने वरची साय फोडतो आणि खाली कोंडलेला गॅस एकदम सुटतो. सकाळी 9 ला घेतलेलं रीडिंग सव्वानऊला कुचकामी झालेलं असतं, म्हणून मीटर उतरणाऱ्याच्या छातीवर चालू हवा. साधारण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग गॅस) पुढे नाक बधिर होतं. ‘वास गेला, म्हणजे गॅस गेला’ म्हणणारा मुकादम तिथेच फसतो. 700 च्या पुढे दोन श्वासांत माणूस आडवा. मग त्याला काढायला दुसरा उडी मारतो, आणि पंचनाम्यात दोन शवं.

त्याच कायद्याच्या कलम 36 मध्ये उपाय लिहिलेला होताच. सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून दिलेला लेखी दाखला, नाहीतर श्वसनयंत्र, कमरेला पट्टा आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. दाखला होता का, मीटर शेवटचा कधी तपासला, दोर कुठे होता, एवढं कळलं तरी पुढची टाकी वाचेल.

कज्जेदलाल_नव्हे
हेतू चांगला, परिणाम वाईट. निरीक्षक हा नुसता तपासनीस नाही, फिर्यादीही तोच. जुन्या कायद्यात त्याच्या तक्रारीशिवाय किंवा लेखी संमतीशिवाय कोर्ट दखलच घेत नसे (कलम 105), आणि गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल करावी लागे (कलम 106). तुम्ही 45 व्या दिवशी अहवाल फाटकावर लावलात की आरोपीच्या वकिलाला सरकारची बाजू घरपोच मिळाली.

त्याहून मोठा धोका त्याच कायद्याच्या कलम 101 चा होता. मालक म्हणू शकायचा, मी पुरेशी काळजी घेतली होती, खरा गुन्हेगार दुसरा आहे, त्याला उभा करा. तुमच्या दोन पानांत ‘मुकादमाने दाखला न घेता उतरवलं’ हे वाक्य आलं की मालकाचा बचाव सरकारनेच लिहून दिला. ऑक्युपायर (कायद्याने जबाबदार असलेला कारखान्याचा मालक) सुटणार आणि 18 हजारांवरचा मुकादम अडकणार.

साक्षीदारांचंही बघा. सगळे त्याच कंत्राटदाराचे. निरीक्षकापुढे आज बोलतात, कारण कागद फाइलीत जाणार हे त्यांना माहीत असतं.

वेर्णे_सेफ्टी
मग फिर्यादी आणि तपासनीस वेगळे करा. अमेरिकेत ओशा ही कामगार-सुरक्षा संस्था दंड करते. रसायनांच्या मोठ्या अपघातांचं कारण मात्र केमिकल सेफ्टी बोर्ड शोधतं, त्याला दंडाचा अधिकारच नाही. त्याचे निष्कर्ष नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून चालत नाहीत, म्हणूनच ते बेधडक छापतं. ‘टाकीत काय होतं’ आणि ‘दोष कोणाचा’ हे दोन कागद वेगळे करता येतात.

आणि तपास चालू आहे म्हणून काहीच देणार नाही, हेही चालत नाही. माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(h) बद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये भगत सिंह प्रकरणात सांगितलंय की नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही. माहितीने तपासाला अडथळा कसा येतो ते दाखवावं लागतं.

पत्रेवाला
तुम्ही दोघं कागदावर भांडताय. मे महिन्यात पावसाआधी प्रत्येक शेडवर गळती काढायला माणसं चढतात. पत्रा फुटतो, माणूस खाली. कारण जगाला माहीत आहे. तिथे अहवाल काय नवीन सांगणार? त्यापेक्षा निरीक्षकांना एप्रिल-मेमध्ये वसाहतींत फिरवा. शिडी लावलेली दिसली की वर बघायचं, फळ्या नसतील तर काम तिथेच बंद. एवढं केलं तरी पुरे.

सिमेंटचा जुना पत्रा सहा मिलिमीटरचा, त्यावर डांबर आणि शेवाळ. मधला उजेडाचा फायबर पत्रा धुळीने तसाच दिसतो, पाय बरोबर त्याच्यावर पडतो. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या, 1.4 मीटरवर. फळी दोन पर्लिनवर टेकली नाही तर ती घातक, नसलेली परवडली.

वेर्णे_सेफ्टी
कारण माहीत असतं तर हार्नेस घातलेली माणसं मेली नसती. हिशोब करा. दोर 1.8 मीटर, झटका शोषणारा पट्टा उलगडून 1.75, पाठीच्या कडीपासून पायापर्यंत 1.5, वर एक मीटर राखीव. झाले 6.05. शेडची उंची साडेपाच. हूक पायाशी पर्लिनला अडकवला तर पट्टा पूर्ण उलगडल्यावर राखीव मीटरातले जेमतेम 45 सेंटिमीटर उरतात, पर्लिन किंवा हार्नेस जरा ढिला पडला की माणूस जमिनीवर. पंचनाम्यात ‘हार्नेस परिधान केला होता’ असं येतं आणि सगळे म्हणतात, नशीब. नशीब कसलं, सहावीचं गणित आहे! तिथे पत्र्याखाली जाळी हवी, नाहीतर आखूड, आपोआप गुंडाळणारा दोर.

पत्रेवाला
हे गणित खरं आहे, मान्य. पण ते शिकवायला माणूस मरायची वाट का बघायची? मेमध्ये फिरा, हेच मी म्हणतोय.

डिचोलीकर_2
तुमची सगळी चर्चा कारखान्याच्या कुंपणात अडकलीय. काणकोणला 4 जानेवारी 2014 ला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून 31 जण गेले. डिसेंबर 2025 मध्ये हडफड्याच्या नाइट क्लबच्या आगीत 25 गेले, त्यांत बहुतेक तिथलेच कामगार, कित्येक धुरात गुदमरून. दोन्ही जागा कारखाना कायद्याच्या बाहेरच्या.

बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याचं कलम 39 वाचा. चौकशी बंधनकारक होती, पण पाच किंवा जास्त माणसं मेली तरच. परांचीवरून एकटा पडून मेला तर महिन्याभरात चौकशीचं बंधन नव्हतं. सुरक्षा नियम मोडल्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होती. कारखान्यात मृत्यू झाल्यास किमान दंड तरी 25,000 होता, तोही काय मोठा! 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या सुरक्षा संहितेत मृत्यूला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख दंड, अथवा दोन्ही आहे. कोर्ट त्या दंडातला निम्मा किंवा जास्त वारसांना द्यायला सांगू शकतं. फाटक कोणतं ते आधी ठरवा. क्लबला फाटक नसतं, स्वयंपाकघराचा मागचा दरवाजा असतो, आणि तो बंद असला की काय होतं ते दिसलंच.

हिशोबनीस
कज्जेदलाल साहेबांना एक विचारायचंय. अहवाल बंद ठेवून सरकारी खटला वाचतो असं धरलं, तर मेलेल्या कामगाराच्या झारखंडमधल्या बायकोचा भरपाईचा दावा कसा वाचणार?

मृत्यूची भरपाई: महिन्याच्या पगाराच्या निम्मे गुणिले वयाचा गुणांक. पगार कितीही असो, धरतात 15,000 पर्यंतच. वय 30 असेल तर गुणांक 207.98, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, झाले 15,59,850. ही रक्कम भरपाई ठरवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करायची, कुटुंबाच्या हातात परस्पर दिलेली कायदा मोजत नाही. फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल चालते. महिनाभरात जमा नाही केली तर 12 टक्के व्याज, आणि समर्थनीय कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. (ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विम्याचा कामगार असेल तर हा रस्ता बंद, तिथे वारसांना पगाराच्या 90 टक्के दरमहा.)

नेमका वाद कुठे होतो? ‘तो आमचा कामगारच नव्हता’, ‘त्या वेळी ड्युटीवर नव्हता’. याची उत्तरं निरीक्षकाच्या अहवालात असतात: हजेरीपट, परमिट, कोणी उतरवलं. कंत्राटदार मात्र शव गावाला पाठवताना लाखभर रुपये आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतो. तिला अहवालाची प्रत मिळाली नाही, तर तिच्या हातात असतो तो फक्त अंगठ्याचा कागद.

कज्जेदलाल_नव्हे
वारसांना प्रत मिळायलाच हवी, त्याला माझा विरोध नाही. ती भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्यामार्फत मागवता येते, त्यासाठी ती फाटकावर डकवायची गरज नाही. वेर्णे_सेफ्टी म्हणतात नावं नकोत. साहेब, हा गोवा आहे. ‘एका औषध कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत’ एवढं लिहिलं तरी दुपारच्या चहापर्यंत वेर्ण्यात सगळ्यांना टाकी, मालक आणि मुकादम माहीत असतो. मुकादम पुढच्या महिन्यात कामाला कुठे उभा राहणार?

वेर्णे_सेफ्टी
मुकादमाचं नाव आजही दुपारच्या चहाला कळतं. कळत नाही ते एवढंच की गाळ ढवळल्यावर मीटर कितीवर गेला. मला तोच आकडा फाटकावर हवाय.