भिंतीचे पोपडे आणि आमची क्रूझ

प्रश्न: ठाण्यात जुन्या बिल्डिंगमध्ये राहतो, दिवाळीआधी हॉलला रंग काढला आणि महिन्याभरात खिडकीखालचे पोपडे हातात यायला लागले, पेंटर आता फोनच उचलत नाही. लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून मुंबई-गोवा क्रूझ बुक केलीय, पण हिचा जीव त्या भिंतीतच अडकलाय. काय करू?

प्रतिसाद: दादा, आधी ओल कुठून येतेय ते बघा. बाहेरच्या भेगा बुजवल्याशिवाय पुट्टी मारून उपयोग नाही, पाणी क्षार घेऊन बाहेर येतं आणि रंग सुटतो. खरवडून भिंत पूर्ण वाळू द्या.

प्रतिसाद: वाळायला वेळ लागणारच, तोवर वहिनींना घेऊन जाऊन या! सकाळी डेकवर जा दोघं, मुरगाव बंदर जवळ येताना बघायला फार छान वाटतं.

प्रश्नकर्ता: आजच खरवडून घेतलं. ही बॅग भरतेय.