रात्रभर जागू की थोडं झोपू?

सकाळी ९ला सबमिशन, आत्ता रात्रीचे ११ वाजलेत आणि १४ पानं बाकी आहेत. मागच्या वेळी अख्खी रात्र जागले, तर पहाटे एकच परिच्छेद दोनदा उतरवला होता आणि आकृतीतली नावं उलटसुलट. फार वाईट वाटलं होतं. काय करू?

– अवघड भाग आत्ता उरक आणि १ला आडवी हो. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं, तीन तरी होऊ देत. साडेपाचला उठून सोपं लिही.

– आणि कॉफी नको गं! पाच-सहा तासांनीही निम्मं कॅफीन अंगात असतं. मी डोळे मिटून नुसती पडून राहायचे.

– बरं, आकृत्या आधी काढते. गजर लावलाय.