मानेतल्या गाठीसाठी सीटी: साधा की कॉन्ट्रास्टचा? (बजेट ४ हजार)

वाईकर_७९: वडील ६१, मधुमेह, तंबाखूची जुनी सवय. उजव्या जबड्याखाली दीड महिन्यापासून गाठ आहे, दुखत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध टोचून काढतात तो) लिहिलाय. सेंटरवाला म्हणतो साधा करा, पैसे वाचतील. साताऱ्यात करू की पुण्यात?

मीनाताई: साधा अजिबात नको! माझ्या दिरांचा स्वस्तातला साधा काढला आणि रिपोर्टात आलं, 'कॉन्ट्रास्ट करून घ्यावा'. रक्तवाहिनी कुठली, गाठ कुठली, साध्यात नीट कळत नाही. दोनदा पैसे गेले.

पुणेरी_नाना: पुण्यात एमआरआय करा. मी साडेनऊ हजार मोजले, पण चित्र काय स्वच्छ आलं!

मीनाताई: नाना, बजेट चार हजार लिहिलंय त्यांनी.

पुणेरी_नाना: तब्येतीपुढे पैसा बघायचा नसतो, ताई.

कोल्हापूर_राजू: सीटी कशाला? बायकोच्या थायरॉइडच्या गाठीचं सोनोग्राफीत भागलं.

तंत्रज्ञ_सीटी: राजूभाऊ, थायरॉइडचं वेगळं. तिथे आधी सोनोग्राफीच. आयोडीनच्या कॉन्ट्रास्टने पुढचे रेडिओआयोडीनचे उपचार काही आठवडे अडतात. इथे तंबाखू आहे, गाठ जबड्याखाली आहे, म्हणून कवटीच्या तळापासून छातीच्या वरपर्यंत कॉन्ट्रास्ट हवाच. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) करा. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगा. मूत्रपिंड बरं असेल तर सहसा बंद करावी लागत नाही. पूर्वी कॉन्ट्रास्टने पुरळ किंवा धाप लागली असेल तर तेही सांगा. गालाच्या आत जखम दिसत असेल तर गाल फुगवून सीटी काढायला सांगा, नाहीतर गाल हिरडीला चिकटून राहतो आणि छोटी जखम निसटते.

मीनाताई: मी तेच म्हणत होते, कॉन्ट्रास्ट!

सांगली_मावशी: घाबरू नका, भाच्याची गंडमाळ निघाली. सीटीत गाठीची कड उजळ आणि मध्ये काळं होतं. टीबीच्या गोळ्यांनी बरा झाला.

तंत्रज्ञ_सीटी: मावशी, कॅन्सरची गाठही तशीच दिसू शकते. चित्रावर निदान ठरत नाही, सुईची तपासणी लागतेच.

पुणेरी_नाना: सुई टोचली की पसरतं म्हणतात.

तंत्रज्ञ_सीटी: नाना, कृपा करून हे पसरवू नका. या भीतीने लोक महिने घालवतात. बारीक सुईने गाठ पसरत नाही. आणि वाईकर, फिल्मबरोबर सीडी मागून घ्या. पुढे परळच्या टाटाला जायची वेळ आली तर लागेल.

वाईकर_७९: सगळ्यांचे आभार. पुणे नाही, एमआरआय नाही. वडील प्रवासाला तयार नाहीत आणि मला अजून आठवडा घालवायचा नाही. साताऱ्यातच कॉन्ट्रास्ट, ५२०० सांगितलेत. वरचे बाराशे बहीण देतेय. क्रिएटिनिन आज दिलं, सुईची तपासणी परवा. आरशात बघितलं तर उजव्या गालात पांढरा चट्टा आहे. बाबा म्हणाले, जुनाच आहे.