यॉर्कशरच्या पबमध्ये काय मागवावं? बिटर की लागर? सल्ला हवा

लीड्समधला_नवखा
नमस्कार मंडळी. कामासाठी पुण्याहून लीड्सला आलोय. शुक्रवारी ऑफिस सुटलं की सगळी टीम पबमध्ये जाते. मी पहिल्यापासून किंगफिशरवाला, बाटली गार असली की आपली काही तक्रार नसते. इथे टीममधली जुनी मंडळी हँडपंपाची बिटर पितात आणि पोरंसोरं लागर, म्हणजे आपल्या किंगफिशरच्या जातीची. परवा मलाही बिटर पाजली. कोमट, गॅस नाही, कडवट, वर बोटभर फेस. लोक यात बघतात तरी काय?
तर, या एलची (बिटर हा तिचाच एक प्रकार म्हणे) सवय होते का, आणि सुरुवात कशापासून करू? सरळ लागर मागवली तर कमीपणा आहे का? शिवाय मी शाकाहारी आहे, आणि बिअरमध्ये माशाचं काहीतरी घालतात असं एकाने सांगून ठेवलंय. थापा ना?

पिंपातला_माणूस
कोमट नव्हती हो. तळघरातलं तापमान ११ ते १३ अंश ठेवतात, एल तिथूनच येते. तुमच्या जिभेला तीन-चार अंशांची सवय, म्हणून ती कोमट वाटली. तीन अंशाला कुठल्याच बिअरची नीट चव लागत नाही, आणि बऱ्याच लागरच्या ते पथ्यावरच पडतं.

आता मुद्द्याचं. रिअल एल ब्रुअरीतून निघते तेव्हा तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं. पबच्या तळघरात पिंपातच ती दुसऱ्यांदा आंबते. जो काही गॅस असतो तो तिचा स्वतःचा, बाहेरून कार्बन डायॉक्साइड सोडत नाहीत. म्हणूनच हँडपंपाने ओढून वर आणावी लागते. मोठ्या कंपन्यांची लागर गाळून, बहुतेक वेळा पाश्चराइज करून, गॅसच्या दाबाखालच्या बंद पिंपात, म्हणजे केगमध्ये येते. लीड्सला प्या नाहीतर लंडनला, चव तीच. एल मात्र पबगणिक बदलते, कारण निम्मं काम तळघर सांभाळणाऱ्याच्या हातात असतं. पिंप बसवून गाळ खाली बसू द्यायचा, लाकडी खुंटी लावून जादा गॅस जाऊ द्यायचा, नळ्या धुवायच्या.

आणि खप! नेहमीचं पिंप ९ गॅलनचं असतं, फर्किन म्हणतात. कागदावर ७२ पिंट, गाळ सोडून थोडे कमी. एकदा उघडलं की हवा आत शिरते, मग तीनेक दिवसांत संपलं पाहिजे, नाहीतर आंबूस होतं. म्हणून बिअर नंतर निवडा, आधी पब बघा. मंगळवारची संध्याकाळ, आत चार टाळकी आणि बारवर आठ हँडपंप असं दिसलं की मी निमूट लागर सांगतो. गर्दी आहे आणि हँडपंप दोन-तीनच, तर डोळे मिटून एल. तुम्हाला आवडली नाही ती बिटर होती की शिळी बिटर, हे आधी ठरवा. आंबूस लागली तर ग्लास बारवर नेऊन सांगायचं, बरे पब हुज्जत न घालता बदलून देतात. पण अर्धा ग्लास संपवून जाऊ नका.

सुरुवात गोल्डन एलने करा. हा प्रकार १९८० च्या दशकात रुजला, रोख लागर पिणाऱ्यांवरच होता. रंग फिका, कडवटपणा स्वच्छ. समर लाइटनिंग हे त्यातलं गाजलेलं नाव. मग टिमथी टेलर ब्रुअरीची लँडलॉर्ड ही एल, तुमच्या जवळच्याच कीथलीची. ब्रिटनची सर्वोत्तम बिअर हा मान तिने चारदा मिळवलाय आणि तो फुकट नाही. लीड्समध्येच ब्रिगेटजवळच्या गल्लीत व्हाइटलॉक्स आहे, १७१५ पासूनचा पब. पितळ, आरसे, जुन्या फरशा बघायला तरी जाच. बारवर आधी चव मागा, घोटभर फुकट देतात.

बाळू_लंडनकर
पिंपवाले साहेब नेहमीप्रमाणे लागरला धोपटून मोकळे. एक विचारतो, कॅम्रा, म्हणजे रिअल एलसाठी झगडणारी पिणाऱ्यांची संघटना, १९७१ साली स्थापन झाली ती कशाविरुद्ध? वॉटनी कंपनीच्या रेड बॅरलसारख्या केगमधल्या मिळमिळीत बिटरविरुद्ध. म्हणजे भांडण एलच्याच घरातलं. लागर बिचारी फुकट बदनाम.

लागर करणं सोपं नाही. यीस्ट थंडीत सावकाश काम करतं, मग बिअर आठवडेच्या आठवडे गार टाक्यांत मुरवायची. बुद्वार ही चेक लागर तर ९० दिवस मुरवतात. फिक्या लागरमध्ये एवढीशी चूक झाली तरी लगेच कळते, झाकायला भाजका माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) नाही की हॉप्सचा (कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा) मारा नाही. १८४२ साली योसेफ ग्रोलने आजच्या चेक देशातल्या पिल्झेनला पहिली पिल्सनर, म्हणजे फिकी सोनेरी लागर केली, आज जगात जी बिअर खपते तिच्यातली बहुतेक तिचीच पिल्लावळ, आपली किंगफिशरसुद्धा. मिळमिळीत आहेत त्या परदेशी नावं लावून इथेच ढिगाने बनवलेल्या लागर. तेव्हा नवख्या, लागर प्यायचीच तर चेक नाहीतर जर्मन बघ.

बाय द वे, करी हाउसमध्ये कोब्रा दिसेल. करण बिलिमोरियांनी १९८९ च्या सुमारास ती काढली तेव्हा डोक्यात हेच होतं की लागरचा ताजेपणा हवा आणि एलचा मऊपणाही, म्हणजे जेवणाबरोबर गॅसने पोट फुगणार नाही. मला मटणाबरोबर तीच बरी वाटते.

शेफील्डची_सुगरण
माशाची थाप नाही हो, खरंच आहे. गाळ लवकर खाली बसावा म्हणून पिंपात आयसिंग्लास घालतात. पालघरकडे घोळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला सोन्याचा भाव येतो ना, तसल्या पिशवीपासून ते होतं. बहुतेक ते गाळाबरोबर तळाशीच बसतं, पण 'बहुतेक'वर ज्याचं त्याने ठरवावं. आमच्याकडे सासरेबुवा चालवून घेतात, नवरा नाही घेत.
उपाय सोपा आहे. बारवर 'अनफाइंड' (आयसिंग्लास न घातलेली) किंवा 'व्हीगन' कास्क, म्हणजे पिंपातली एल, आहे का विचारायचं. ती थोडी गढूळ दिसते, खराब नसते. हल्ली पंपावरच्या पाटीवरही लिहितात. गिनेस या आयरिश काळ्या बिअरवाल्यांनीही नळावरच्या ड्राफ्टमधून हे काढून टाकलंय. केगमधल्या लागरची अडचण कमी, तरी खात्री करून घ्या.
चकण्याला शेंगदाणे किंवा क्रिस्प्स घ्या. पोर्क स्क्रॅचिंग्जचं पाकीट कुणी पुढे केलं तर ती डुकराची तळलेली कातडी असते. आधीच सांगितलेलं बरं.

लीड्समधला_नवखा
बाप रे! धन्यवाद ताई. आणि कमीपणाचं?

पिंपातला_माणूस
कसला कमीपणा? १९९० च्या सुमारास देशातल्या निम्म्याहून जास्त बिअरवर लागरने कब्जा केला, तुमच्या ऑफिसातली पोरं बहुमतात आहेत. फक्त लीड्सच्या जुन्या माणसांसमोर लागरवर व्याख्यान देऊ नका. इथली टेटलीची ब्रुअरी १८२२ पासूनची, ती २०११ साली कार्ल्सबर्ग या डॅनिश लागर कंपनीने बंद केली. काहींच्या पोटात ते अजून आहे.

देवगिरी_७८
हाफ, म्हणजे अर्धा पिंट, मागवायला लाजू नका. इथला पिंट ५६८ मिलीचा, आपल्याकडच्या ३३० ची छोटी बाटली डोक्यात ठेवून चार सांगितलेत तर सोमवारी ऑफिसात किस्से होतील. राउंडची पद्धत असते, आपली पाळी आली की सगळ्यांचं आणायचं, हिशेब वाटून देत बसायचं नाही. चारपेक्षा जास्त जण असाल तर राउंडमधून सरळ अंग काढून घ्या, कुणी काही म्हणत नाही.
थॉर्नब्रिज ब्रुअरीची जयपूर नावाची एल दिसली तर नावाला भुलून पहिलीच घेऊ नका, ५.९ टक्के आहे. शेवटी हाफ घ्या. छान आहे पण.

बाळू_लंडनकर
फेसाचं कुणी बोललंच नाही. यॉर्कशरमध्ये नळाच्या तोंडाला स्पार्कलर लावतात, बारीक भोकांतून बिअर ढकलतात आणि वर मलई काढतात. त्यात हॉप्सचा वास मारला जातो आणि पैसे फेसाचे जातात. आमच्याकडे दक्षिणेत सपाट देतात, काठोकाठ.

पिंपातला_माणूस
आणि तशी पितात म्हणून लंडनकर लागरकडे वळतात. लँडलॉर्डला फेस हवाच, कडवटपणा मऊ होतो. नवख्या, दोन्ही तऱ्हांनी पिऊन बघ. स्पार्कलर नको असेल तर काढून देतात, बारवर हळूच सांग.